फ्लशच्या टाकीतली निळी वडी आठ दिवसांत संपते? आधी वायसर बघा

पाकिटावर लिहिलेलं असतं, वडी महिनाभर चालेल. आमच्याकडे ती आठव्या दिवशी संपलेली असायची. नवी टाकली की दोन दिवस पाणी गडद निळं, चौथ्या दिवसापासून फिकट, आणि आठवडा संपता संपता टाकीच्या तळाशी नुसता बुळबुळीत चोथा. कमोडच्या मागच्या बाजूची पिवळी रेघ मात्र जिथल्या तिथे. मी तीन प्रकारच्या वड्या बदलून पाहिल्या, मग निळी बाटली आणली, मग कमोडच्या काठाला अडकवायची जाळीही आणली. प्रत्येक वेळी पहिले चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

जुळे सोलापुरात आमचं स्वतंत्र घर आहे. छतावर १००० लिटरची काळी टाकी. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं, आणि उन्हाळ्यात ते पुरलं नाही की त्याच टाकीत बोअरचं पाणी चढवतो. आजूबाजूच्या बऱ्याच घरांत हीच व्यवस्था आहे. म्हणून विचारणारे खूप भेटतात, शाळेतल्या सहकारी, शेजारच्या अक्का, नणंद, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: "कुठली वडी आणू?" मी त्यांना वडीचं नाव सांगत नाही. आधी टाकीचं झाकण उघडायला सांगते.

आमच्याकडे दोष वडीचा नव्हता. टाकीच्या तळाचा वायसर, म्हणजे पाणी अडवून धरणारी रबराची चकती, गळत होता, आणि हे मला कळायला दीड वर्ष लागलं.

झालं असं की एका एप्रिलमध्ये पाणी येऊन तीनच दिवस झाले होते आणि छतावरची टाकी तळाला गेली. पाहुणे नव्हते, धुणं जास्त नव्हतं. नेहमीच्या प्लंबर मामांना बोलावलं. त्यांनी नळ पाहिले, गच्चीवरचा पाईप पाहिला आणि शेवटी संडासात गेले. कमोडच्या आतल्या मागच्या भिंतीवर निळसर ओघळ होता. मी तो डाग समजून रोज घासत होते. मामांनी कोरड्या फडक्याने तो पुसला आणि म्हणाले, "ताई, दोन मिनिटं थांबा अन् बघा." दोन मिनिटांत ओघळ पुन्हा उमटला. फ्लश कोणी केला नव्हता. "वडीचं काही नाही ताई. वायसर गेलाय. तुमची वडी अन् तुमचं पाणी, दोन्ही इथनं चाललंय."

गळती आहे का, हे कसं पाहायचं

टाकीत निळी वडी असेल तर वेगळं काही लागत नाही. रात्री सगळे झोपल्यावर कमोडची मागची आतली बाजू जुन्या फडक्याने कोरडी करा आणि टिश्यू पेपरची एक पट्टी तिथे चिकटवून ठेवा. अर्ध्या तासाने पाहा. पट्टी ओली किंवा निळी झाली असेल तर टाकी गळते आहे. वडी नसेल तर जिलेबीला घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाकीत कालवा. हळद मात्र वापरू नका, ती पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसते आणि डाग सोडते.

गळती आहे हे कळलं की ती कुठून आहे हे शोधायचं. टाकीखाली भिंतीला जो छोटा अँगल कॉक असतो तो बंद करा. झाकण काढून पाण्याच्या पातळीला आतल्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. अर्धा तास टाकीला हात लावू नका.

पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं, तर तळाचा वायसर किंवा तो जिथे टेकतो ती बैठक खराब आहे. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत उतरून तिथेच थांबलं, तर वायसर ठीक आहे. दोष बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाचा आहे, तो वेळेवर बंद होत नाही म्हणून जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोमधून कमोडमध्ये जातं. पाणी खुणेवरच राहिलं, तर टाकी गळत नाही. मग तुमची वडी दुसऱ्या कारणाने संपते आहे, ते पुढे सांगते.

आमच्या टाकीत अर्ध्या तासात पाणी ३ सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका सेंटिमीटरला जवळपास ४३० मिलिलिटर पाणी. तासाला अडीच लिटरच्या वर, दिवसाला ६२ लिटर. अँगल कॉक उघडा असतो तेव्हा बॉलकॉक ते पाणी गुपचूप भरत राहतो, म्हणून टाकी कायम भरलेली दिसते आणि कुणाला काही कळत नाही. पाणी चार दिवसांनी येत असेल तर एका पाळीत जवळजवळ २५० लिटर, आमच्या छतावरच्या टाकीचा चौथा हिस्सा, कमोडमधून वाहून गेला. उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून पाईपने पाकणीला येतं, तिथे शुद्ध होतं आणि मग आपल्या घरी पोचतं. ते पाणी असं वाहून जात होतं आणि मी ओघळ घासत बसले होते, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

वायसर काढणं आणि साफ करणं

हे काम घरी होतं. मी पहिल्यांदा मामांना करताना पाहिलं आणि नंतर स्वतः तीनदा केलं आहे.

अँगल कॉक बंद करा आणि फ्लश करून टाकी रिकामी करा. दोन बटणांची टाकी असेल तर मधला सांगाडा, ज्याला प्लंबर सायफन म्हणतात, खालच्या बाजूने घट्ट धरून डावीकडे पाव फेरा फिरवा. तो सुटून वर येतो. जोर लावून उपटू नका, खालचे प्लास्टिकचे कान तुटले तर पूर्ण सायफन बदलावा लागतो. काही टाक्यांत झाकणच बटणाला अडकलेलं असतं, तिथे आधी बटणाभोवतीची रिंग फिरवून काढावी लागते.

सायफनच्या तळाला रबराची किंवा सिलिकॉनची गोल चकती दिसेल. तोच वायसर. त्यावरून बोट फिरवा. खरखरीत लागला तर क्षार बसले आहेत. बोटाला काळं लागलं, रबर फुगलेलं किंवा चिकट वाटलं, तर ते रसायनाने खाल्लं गेलं आहे. ते धुऊन सुधारत नाही, नवीनच घ्यावं लागतं.

खरखरीत असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवा आणि वायसर अर्धा तास त्यात ठेवा. बारीक बुडबुडे येऊ लागले की समजा क्षार सुटत आहेत. तोवर टाकीच्या तळाची बैठक, म्हणजे वायसर जिथे टेकतो ती प्लास्टिकची कड, त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या. सोलापुरातल्या बोअरच्या पाण्याने ही कड पांढरी पडते आणि बोटाला दातेरी लागते. नवा वायसर घालूनही गळती थांबत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा ही कडच असते. ती सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. एक ओरखडा पडला की पाण्याला कायमची वाट मिळते.

हे सगळं सुरू करण्याआधीच वडी टाकीतून बाहेर काढून तीनदा फ्लश करायला विसरू नका. का, ते पुढे येतंच.

एक युक्ती मामांनी दाखवली. वायसर सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर उलटा करून बसवायचा. न झिजलेली बाजू खाली येते आणि दुकान उघडेपर्यंत काम भागतं. हा कायमचा इलाज नाही. हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना वायसर बरोबर न्या, कारण दिसायला सारखे असले तरी आतलं भोक आणि जाडी यांत फरक असतो.

जुन्या, दांडा ओढायच्या प्लास्टिकच्या टाक्यांत मात्र तळाला असा वायसर बहुधा नसतो. तिथे पाणी वाकड्या नळीतून ओढलं जातं. त्या टाकीतून सतत धार येत असेल तर बॉलकॉकच पाहा.

टाकी गळत नाही, तरी वडी टिकत नाही

मग वडी टाकीत कुठे पडली आहे ते बघा. नुसती वरून सोडून दिली की ती बऱ्याचदा मधोमध, सायफनच्या तोंडाशी जाऊन बसते. फ्लश केला की सगळ्यात जोराचा ओढा तिथेच असतो. वडी झिजते, तुकडे सुटतात, आणि त्यातला एखादा तुकडा वायसरखाली अडकला की गळती सुरू. म्हणजे वडीने गळती आणि गळतीने वडीचा नाश, असं चक्र होतं. वडी नेहमी सायफनपासून आणि बॉलकॉकपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवायची. टाकी लहान असेल तर मी जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा कापून त्यात वडी बांधते आणि दोरा झाकणाच्या कडेबाहेर घेते. विरघळायला अडचण येत नाही आणि चोथा मोज्यातच राहतो. वडीवर पाण्यात विरघळणारी पातळ पिशवी असेल तर ती काढू नका आणि ओल्या हाताने धरू नका, रंग बोटांना लागला तर दोन दिवस जात नाही.

दुसरं कारण खास आपल्याकडचं आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की हात धुवायला नको वाटतं. तेच पाणी फ्लशच्या टाकीत येतं आणि गरम पाण्यात वडी लवकर विरघळते. हिवाळ्यात महिना टिकलेली वडी मेमध्ये तितकी टिकणार नाही, हे गृहीत धरा. छतावरच्या टाकीवर सावलीची जाळी टाकली तर थोडा फरक पडतो आणि अंघोळीलाही बरं पडतं.

तिसरी गोष्ट वापराची. वडी फ्लशच्या संख्येवर चालते. घरात सहा माणसं असतील आणि पाकिटावरचा हिशोब तिघांचा असेल, तर ती निम्म्या दिवसांत संपणारच. त्यात बिघाड काही नाही.

पाणी निळंच येत नाही

ही तक्रार उलट्या बाजूची, आणि बाटलीवाल्या क्लीनरची जास्त. ही बाटली टाकीच्या आत उभी राहते. फ्लश झाला की पाणी खाली जातं आणि बाटलीतला द्रव थोडा थोडा बाहेर येतो. टाकी भरली की तो थांबतो. म्हणजे टाकीतलं पाणी नीट वर-खाली व्हायला हवं. आमच्याकडे टाकी निम्मीच भरायची. बॉलकॉकच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, तिच्यात गाळ आणि क्षार अडकले होते. पाळीचं पाणी सुटल्यावर सुरुवातीला गढूळ येतं, तो गाळ शेवटी याच जाळीत येऊन बसतो. अँगल कॉक बंद करून कनेक्शन पाईप काढला, जाळी जुन्या टूथब्रशने धुतली, आणि टाकी पुन्हा वरच्या रेघेपर्यंत भरू लागली. पाईप परत लावताना आतला छोटा रबर वायसर जागेवर आहे ना बघा, नाहीतर संडासाची फरशी ओली होत राहील.

बाटलीचं भोक क्षारांनी बुजतं. सुई घालून मोकळं होतं. बाटली अर्धी झाली की हलकी होऊन तरंगते आणि आडवी पडते, आणि आडवी पडलेली बाटली बॉलकॉकच्या दांड्याखाली अडकली तर दांडा वरच राहतो आणि टाकी भरतच नाही. ज्यांच्या टाकीत हात घालायलाही जागा नाही त्यांनी बाटलीच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक प्रकार आणखी असतो. त्याची नळी बॉलकॉकच्या बारीक नळीला जोडतात, आणि औषध टाकीत न मिसळता थेट ओव्हरफ्लोमधून कमोडमध्ये जातं. टाकीतल्या रबराला त्याचा त्रास होत नाही, म्हणून कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी बॉलकॉकपासून ओव्हरफ्लोपर्यंत ती बारीक नळी असावी लागते, आणि आपल्याकडच्या साध्या प्लास्टिकच्या टाक्यांत ती बहुधा नसतेच. विकत घेण्याआधी झाकण उघडून खात्री करा.

भिंतीत बसवलेली टाकी असेल तर वडी टाकायला जागाच नाही. तिथे काठाला अडकवायची जाळी वापरा, आणि ती फ्लशचं पाणी जिथून पडतं नेमकं तिथे लटकवा. हातभर बाजूला लटकवली की नुसता वास येतो, स्वच्छता होत नाही. देशी पद्धतीच्या भांड्यात पाणी मागून पुढे एका पट्ट्यात जातं, पाय ठेवायच्या बाजू कोरड्याच राहतात. तिथे कुठलीही वडी टाकली तरी खराट्याला पर्याय नाही.

"टाकीत टाका" म्हणजे कुठल्या टाकीत

पाकिटावर मराठीत एवढंच लिहिलेलं असतं: टाकीत टाका. फ्लशची ती टाकी, छतावरची ती टाकी आणि अंगणातली सिमेंटची तीही टाकीच. आमच्या गल्लीत एका घरी नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाने दोन वड्या छतावरच्या टाकीत सोडल्या. एकाच वेळी दोन्ही संडास स्वच्छ होतील, असा त्यांचा समज होता. स्वयंपाकघरातल्या नळाला निळं पाणी आलं तेव्हा लक्षात आलं. सुदैवाने ते कुणी प्यायलं नव्हतं. पण तीन दिवसांनी पाणी येणार होतं आणि भरलेली टाकी पूर्ण सोडून द्यावी लागली. दोनदा घासून धुतली, पाईपमधलं पाणी काढलं, आणि पुढचे तीन दिवस त्यांनी आमच्या आणि शेजारच्या घरून हंडे नेले.

संडास साफ करायचं कुठलंही औषध, वडी किंवा द्रव, पिण्याच्या, अंघोळीच्या किंवा स्वयंपाकाच्या पाण्याच्या टाकीत कधीही टाकायचं नाही. रंग दिसला नाही, वास आला नाही, तरीही नाही. छतावरची टाकी निर्जंतुक करायची पद्धत आणि औषध वेगळं असतं. घरात कामाला येणाऱ्या मावशींना, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना हे तोंडाने सांगून ठेवा, पाकीट वाचायला लावू नका.

पांढरी वडी आणि ॲसिड

निळ्या वड्यांत बहुधा साबणाचा अंश, रंग आणि सुगंध असतो. पांढऱ्या वड्यांत बऱ्याचदा क्लोरीन असतं. उघडल्यावर पोहण्याच्या तलावासारखा वास आला किंवा वेष्टनावर क्लोरीन, ब्लीच, हायपोक्लोराइट यांपैकी काही लिहिलेलं दिसलं, तर ती क्लोरीनची वडी. निळ्या वडीतही क्लोरीन असू शकतं, म्हणून रंगावर न जाता वेष्टन वाचा.

क्लोरीनने जंतू मरतात हे खरं. पण ते रबरही खातं. रोज पंधरा-वीस फ्लश होणाऱ्या घरात पाणी बदलत राहतं, तिथे निभावतं. आपल्याकडे पाणी संपत आलं की आपण फ्लश बंद करून बादलीने पाणी ओततो. टाकीतलं पाणी तसंच दोन-तीन दिवस उभं राहतं, वडी त्यात विरघळत राहते आणि ते तीव्र पाणी वायसरला वेढून बसतं. आमचा पहिला वायसर असाच गेला. तो काढला तेव्हा त्याचं काळं बोटांवरून दोनदा साबण लावूनही निघेना. म्हणून बादलीवर आलात की वडी बाहेर काढा. गावाला निघताना, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत चार दिवस लेकीकडे जाताना, घर बंद करायच्या आधी वडी काढायची आणि अँगल कॉक बंद करायचा.

याहून मोठा धोका आहे. संडास साफ करायच्या बाटलीतल्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्लोरीन असलेलं पाणी आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या, बंद संडासात तो घसा आणि छातीला धरतो, आणि दम्याच्या माणसाला तर जीवघेणा ठरू शकतो. टाकीत क्लोरीनची वडी आणि कमोडमध्ये ॲसिड ओतून वर फ्लश केला की दोन्ही एकत्र येतातच. ॲसिडने घासायचं असेल त्या दिवशी वडी आधी काढा, तीनदा फ्लश करा, खिडकी उघडा. लिंबूसत्व आणि व्हिनेगर ही आम्लंच आहेत, त्यांनाही हाच नियम. चुकून डोळे चुरचुरले, खोकला सुटला, तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, दार उघडं टाका, आणि त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठा.

ती पिवळी रेघ

कुठल्याही वडीने ही रेघ जाणार नाही, आणि जाईल अशी अपेक्षाही ठेवू नका. ती मळाची नसून क्षारांची असते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी चांगलंच जड असतं, हे भांड्याच्या बुडाला आणि गिझरच्या कॉइलला बसलेल्या थरावरून कुणालाही कळतं. वायसर गळतो तेव्हा त्या पाण्याची बारीक धार रात्रंदिवस एकाच जागेवरून वाहते, सुकते, पुन्हा वाहते, आणि दर वेळी थोडा क्षार मागे ठेवते. पाण्यात लोह असेल तर त्याला पिवळा-तांबूस रंग येतो.

गळती बंद झाली की नवी रेघ पडणं थांबतं. जुनीसाठी मी असं करते: वडी काढून तीनदा फ्लश, ब्रशने कमोडमधलं पाणी पुढे ढकलून रेघ उघडी पाडायची, टिश्यू पेपरच्या पट्ट्या लिंबूसत्वाच्या घट्ट पाण्यात बुडवून त्या रेघेवर चिकटवायच्या. दोन तास राहू द्यायच्या. पट्टी सुकू लागली तर वरून थोडं पाणी शिंपडायचं. मग नायलॉनच्या ब्रशने घासायचं. आमची दीड वर्षाची रेघ तीन वेळा हे केल्यावर गेली. एका वेळेत जाईल या आशेने टाचा घासायची वजरी किंवा तारेची घासणी हातात घेऊ नका. कमोडच्या चकाकीवर ओरखडे पडतात आणि मग त्यात घाण कायमची धरते. फरशी धुवायला सुटं मिळतं ते तीव्र ॲसिडही नको, ते टाईल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि त्याचा धूर नाकात जातो.

ज्यांच्याकडे ड्रेनेजची लाईन अजून पोचलेली नाही आणि मैला शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत जातो, त्यांनी क्लोरीनची वडी शक्यतो वापरूच नये. तिथलं काम जिवाणूच करतात.

रंगाबद्दल एक गोष्ट राहिली. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. मागच्या मे महिन्यात त्यांना गरगरायला लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवीचा रंग कसा आहे?" आम्हाला कुणालाच सांगता येईना, कारण कमोडमधलं पाणी कायम निळं. उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की लघवी गडद पिवळी होते, ही आपल्याकडच्या उन्हाळ्यातली सगळ्यात आधी दिसणारी खूण, आणि ती आमच्या घरात महिनोन्महिने झाकली गेली होती. त्या दिवसापासून सासूबाईंच्या संडासात रंगाची वडी नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर तुम्हीही रंग नसलेला प्रकार घ्या, किंवा नुसता ब्रश वापरा.

आता आमच्या दुसऱ्या संडासात वडी हिवाळ्यात महिना आणि उन्हाळ्यात तीन आठवडे टिकते. टाकीच्या आत पेन्सिलची खूण अजून आहे. दोन महिन्यांतून एकदा, पाणी सुटायच्या आदल्या रात्री, मी अँगल कॉक बंद करून ती खूण बघते.

तुम्हाला स्वतः सायफन काढायचं धाडस होत नसेल तर प्लंबरला फोन करताना "फ्लश बिघडलाय" एवढंच सांगू नका. टाकी एका बटणाची, दोन बटणांची की दांड्याची आहे, अर्ध्या तासात पाणी खुणेच्या किती खाली गेलं, आणि ते ओव्हरफ्लोशी थांबलं की तळापर्यंत गेलं, हे तिन्ही सांगा. मग मामा येतानाच योग्य वायसर किंवा बॉलकॉक घेऊन येतात आणि दुसरी खेप वाचते.